तिसऱ्यांदा म्हणाले तर

बाईचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. दूधवाल्यावर नव्हता, भाजीवाल्याच्या काट्यावर नव्हता, आणि सख्ख्या नवऱ्यावर तर "कुलूप लावलंय" एवढ्यापुरतासुद्धा नव्हता. ती जिना उतरल्यावर परत वर जाऊन कुलूप ओढून बघायची. नवरा तिला फौजदार म्हणायचा. शाळेच्या प्रयोगशाळेत जन्मभर काचेच्या नळ्या धुऊन निवृत्त झालेला माणूस, अंगावर कुणी ओरडलं तरी हसणारा, म्हणून संसार निभावला. बाईचं म्हणणं असं की संशय हा तिचा स्वभाव नव्हे, धंदा आहे. ती फारसीतून इंग्रजीत भाषांतर करायची, तेही शपथेवर, आणि ज्याला शपथेवर सही करायची त्याने शब्दाकडे चोराकडे बघतात तसंच बघायला हवं. यात तिचं काही चुकत होतं असं नाही.

ऑफिस म्हणजे चपला शिवणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालून दिवसभर हातोडीची ठकठक आणि चिकटवायच्या रसायनाचा वास. पुढच्या खोलीत मालक बसत, त्यांना सगळे काका म्हणत. मागच्या खोलीत बाई, आणि तिच्याकडे पाठ करून गाळणी. गाळणीचं खरं नाव पगाराच्या दिवशी काय ते कानावर पडे. त्याचं काम असं की ध्वनिमुद्रण ऐकायचं, ऐकलेलं फारसीतच कागदावर उतरवायचं आणि कागद बाईच्या टेबलावर ठेवायचा. खोकला, जांभया, अडखळणं हे सगळं तो वाटेतच काढून टाकायचा, म्हणून गाळणी. अक्षर देखणं, व्याकरण चोख, पण लिहिलेलं डोक्यात शिरू द्यायचं नाही असा त्याचा नेम होता. त्यामुळे तो कधी थकायचाही नाही.

आता फारसी बोलणाऱ्या माणसांचं एक असतं. दार उघडल्यापासून बूड टेकेपर्यंत ती एकमेकांवर जीव ओवाळून टाकत असतात. तुमची सावली कमी न होवो, तुमचा हात न दुखो, मी तुमच्या पायाची धूळ, आणि हे एकदा म्हणून भागत नाही. सुरुवातीला गाळणी सगळं इमानेइतबारे उतरवायचा, आणि दोन ओळींच्या मतलबासाठी बाईला चार पानं तुडवावी लागायची. एक दिवस ती वैतागली. म्हणाली, "हे बघ. जान, साया, खाक, कुर्बान असलं काही आलं की सौजन्य चाललंय असं समज. तेच तेच परत म्हणत असले तरी सौजन्यच. तिथे एक फुली मार आणि पुढे चल." तेव्हापासून ऑफिसात फुली सुरू झाली. काकांनाही ती पसंत पडली, कारण कामं भराभर हातावेगळी व्हायला लागली.

आणि मग सुनावणी कचेरीतून ते अंगठीचं काम आलं.

प्रकरण तसं सरळ होतं. एक म्हातारा एकटा राहायचा, बायको आधीच गेलेली. त्याला सांभाळायला एक बाई यायची, त्याच्याच भाषेची. तिला आपण सांभाळणारीच म्हणू. म्हातारा वारला, पुतण्या सामान आवरायला आला, आणि काकूची फिरोज्याची अंगठी त्याला सांभाळणारीच्या बोटात दिसली. ती म्हणाली, त्यांनी दिली. तो म्हणाला, चोरली. पुतण्याने म्हाताऱ्याच्या खोलीत, पुस्तकांच्या फळीवर, एक कॅमेरा आधीच बसवून ठेवला होता. पुढे कुंडीतलं पान आलेलं, त्यामुळे चित्र सगळं हिरवं, पण आवाज स्वच्छ. त्यातला अंगठीचा भाग इंग्रजीत करून हवा होता. चोरीचा शिक्का बसला असता तर त्या बाईला पुन्हा कुठल्याही घराचं दार उघडलं नसतं. एकट्या म्हाताऱ्यांच्या घरात कामाला जायचं तर किल्ली हातात यावी लागते, आणि बदनाम माणसाच्या हातात किल्ली कोण देतो?

गाळणीने कागद आणून ठेवला. मोजक्याच ओळी होत्या. सांभाळणारी म्हणते, किती सुंदर अंगठी. म्हातारा म्हणतो, पीशकेश. मग फुली. मग डबी मिटल्याचा आवाज. मग सांभाळणारी म्हणते, तुमची सावली कमी न होवो.

"ही शेवटची सावली का ठेवलीस?" बाईने विचारलं.

"डबीच्या आवाजानंतर आली म्हणून. वस्तू हलली की पुढचं वाक्य ठेवायचं, असं तुम्हीच सांगितलं होतं," गाळणी पाठ न वळवता म्हणाला.

सगळं येऊन अडकलं होतं ते त्या एका पीशकेशवर. हा शब्द मराठीत पेशकश होऊन फार पूर्वीच आला आणि दरबारी कागदांत जाऊन बसला. फारसीत मात्र तो अजून घराघरांत फिरतो. पाहुण्याने तुमच्या घरातल्या वस्तूला चांगलं म्हटलं की तुम्ही म्हणायचं पीशकेश, म्हणजे घ्या, तुमचीच समजा. आणि पाहुण्याने ती घ्यायची नाही. घेतली तर तो पाहुणा नव्हे, दरोडेखोर.

हे बाईला पुस्तकातून कळलेलं नव्हतं. तिची आत्या फारसी बोलणाऱ्या घरात दिली होती, आणि लहानपणीच्या सुट्ट्या बाईने तिथेच काढल्या होत्या. आत्याच्या सासूच्या कपाटात काचेची एक निळी चिमणी होती. चिमणी किती छान आहे, असं ही कार्टी म्हणाली. सासू म्हणाली, पीशकेश. हिने उचलली आणि फ्रॉकच्या खिशात टाकली. खोलीतल्या सगळ्यांनी तिच्याकडे असं काही पाहिलं की तिला अजून आठवतं. आत्याने तिला कान धरून स्वयंपाकघरात नेलं, खिशातून चिमणी काढून घेतली आणि दातओठ खात म्हणाली, "पहिल्यांदा म्हणतात ते तोंडदेखलं असतं. दुसऱ्यांदा म्हणतात ते तुला चाचपून बघायला. तिसऱ्यांदा म्हणाले तर घ्यायचं, आणि तेही मान खाली घालून. कळलं?" कळलं. त्यानंतर कित्येक वर्षं त्या घरात ती कुठल्याच वस्तूला चांगलं म्हणाली नाही.

म्हणून कागद वाचता वाचताच बाईचा निकाल लागून गेला. ही बया त्याच भाषेची, त्याच रीतीत वाढलेली. हिला ठाऊक नव्हतं? एकदा म्हटलं पीशकेश आणि हिने अंगठी घेऊन डबी मिटली. सात-आठ वर्षांच्या पोरीला माफ करता येतं, या बाईला कसं करायचं? म्हाताऱ्याची नजर अधू, घरात दुसरं कुणी नाही, आणि ही अंगठीचं कौतुक करतेय. कौतुक करायची तरी गरज काय होती? बाईला तर ते कौतुकसुद्धा मुद्दाम केल्यासारखं वाटायला लागलं.

पण निकाल लागला तरी शब्द मिळायला हवा. इंग्रजीत 'गिफ्ट' लिहावं तर म्हाताऱ्याने दिली असं होतं. 'ऑफरिंग' लिहावं तर देवापुढे ठेवल्यासारखं वाटतं. 'इट्स युअर्स' अक्षरशः बरोबर, पण वाचणारा साहेब म्हणेल, मग भांडण कशाचं? 'बी माय गेस्ट' म्हणजे हॉटेलात दार उघडून धरल्यासारखं. बाईने कोश काढले, जुनी कामं काढली, पेन्सिलीचं टोक चावून चावून बोथट केलं. खाली हातोडी चालूच होती. शेवटी तिने उलट विचार केला. आपल्या अंगठीला कुणी सुंदर म्हटलं तर इंग्रज म्हातारा काय म्हणेल? तो म्हणेल, हाउ काइंड ऑफ यू. बस. रीत तीच, वजन तेच, आणि द्यायघ्यायचा प्रश्नच मिटला. बाई स्वतःवर इतकी खूश झाली की तिने दुपारचा चहा दोनदा घेतला.

नेमका त्याच दुपारी पुतण्या आला. प्रकरणातल्या लोकांनी इकडे यायचं नसतं, पण तो आला, आणि काकांनी त्याला खुर्ची दिली. कोट चांगला, बूट चांगले, आवाज मऊ. बाईला मऊ आवाजाची माणसं मुळात आवडत नाहीत.

"मी काही सांगायला आलो नाही," तो म्हणाला. सांगायला आलेली सगळी माणसं अशीच सुरुवात करतात. "मला ती भाषा धड येतही नाही. पण तो एक शब्द मला कळला. लहानपणी माझ्या काकांकडे गेलो की जो तो पीशकेश, पीशकेश म्हणायचा आणि कुणी कुणाला काही द्यायचं नाही. तुम्हाला रीत ठाऊक असेल, बाई. शब्द तेवढा नीट टाका."

"माझे शब्द मी नीटच टाकते," बाई म्हणाली.

तो तिच्याच मनातलं बोलत होता, आणि नेमकं तेच तिला खटकलं. जाताना तो दारापाशी गाळणीजवळ थांबला, खाली वाकून काहीतरी बोलला, आणि गाळणीने मान हलवली. त्यानंतर गाळणीने टेबलाचा खण उघडला, आत काहीतरी सरकवलं आणि खणाला कुलूप लावलं. गाळणीच्या खणाला कुलूप आहे हे बाईला तोवर माहीतच नव्हतं. तिने ते मनात टिपून ठेवलं.

संध्याकाळी तिने भाषांतरावर सही केली, काकांनी शिक्का मारला, आणि कागद सुनावणी कचेरीत गेला.

दुसरा दिवस सुट्टीचा. नवरा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बिघडलेला पंखा उघडून बसला होता. बाई खुर्चीत बसून त्याला अंगठीची गोष्ट सांगत होती. नावगाव सांगायचं नाही हा नियम ती पाळायची, पण गोष्ट सांगितल्याशिवाय तिला अन्न पचायचं नाही.

"आणि मी लिहिलं, हाउ काइंड ऑफ यू," ती म्हणाली. "कसं आहे?"

"छान आहे," नवरा स्क्रू तोंडात धरून म्हणाला. मग स्क्रू काढला. "पण फौजदार, तो किती वेळा म्हणाला?"

"काय किती वेळा?"

"पीशकेश. तुझ्या आत्याचं ते तीनदा वगैरे होतं ना? लग्नानंतर तिच्याकडे गेलो तेव्हा तूच मला जिन्यात शिकवत होतीस. मी पहिल्या खेपेला हो म्हणून मोकळा झालो, आणि तू आठवडाभर बोलली नाहीस."

"एकदाच म्हणाला."

"तुला कसं कळलं?"

"लिहिलंय तसं."

"कुणी?"

नवऱ्याने पंख्याचं पातं फुंकून साफ केलं आणि परत स्क्रू शोधायला लागला. त्याला आपण काही विशेष विचारलंय असं वाटलंच नव्हतं. पण बाईच्या डोळ्यांसमोर गाळणीचा खण आला, ते कुलूप आलं, दारापाशी वाकलेला पुतण्या आला. सगळं कसं एका ओळीत येऊन उभं राहिलं. फुलीच्या आत काय होतं? इतकी वर्षं समोर पाठ करून बसलेला माणूस, त्याचं तोंड आपण नीट पाहिलंय तरी का? तिला जेवण गेलं नाही. आपण ज्याच्या लिहिण्यावर डोळे मिटून सही करतो तो विकला गेला असेल, या विचाराने तिने रात्री दोनदा उठून दाराचं कुलूप ओढून पाहिलं.

सोमवारी गाळणी जेवायला खाली उतरल्याबरोबर ती त्याच्या खुर्चीत जाऊन बसली. खण ओढून पाहिला, कुलूप होतं. मग कानांवर हेडफोन चढवला आणि ते ध्वनिमुद्रण सुरू केलं.

आधी घड्याळाची टिकटिक. मग टक, टक असे बारीक आवाज. सांभाळणारी म्हाताऱ्याची नखं कापत होती. तो कुरकुरत होता, ती त्याला दटावत होती, हात हलवू नका म्हणून. मग त्याने टेबलाचा खण उघडला, आणि उघडला तो त्याने, तिने नव्हे, कारण ती म्हणाली, उठू नका, पडाल. डबी उघडली. किती सुंदर अंगठी, ती म्हणाली. हे म्हणताना तिचा आवाज इतका साधा होता की बाईला अवघडल्यासारखं झालं.

"पीशकेश," म्हातारा म्हणाला. झटक्यात, सवयीने, दार उघडल्यावर "या" म्हणावं तसं.

इथून फुली सुरू होत होती. बाई पुढे वाकली.

सांभाळणारी हसली आणि रीतीप्रमाणे म्हणाली, ज्याची आहे त्यालाच लाभो. म्हातारा दुसऱ्यांदा म्हणाला, पीशकेश. ती म्हणाली, तुमचा हात न दुखो, पण नको, आत ठेवा, हरवेल. मग बराच वेळ नुसतं घड्याळ. नखं कापायचंही थांबलेलं. बाईला वाटलं, संपलं बहुतेक.

"जिची आहे ती खाकमध्ये गेली," म्हाताऱ्याचा आवाज आला. खाक म्हणजे माती. "ती होती तेव्हा माझी नखं ती कापायची. नंतर तीन वर्षं मीच चावून तोडत होतो. मग तू आलीस."

मग म्हातारा तिसऱ्यांदा म्हणाला, पीशकेश, पण हळू, एकेक अक्षर जपून ठेवत. आणि नंतर डबी मिटली. मिटल्यावर कितीतरी वेळाने त्या बाईचा भरून आलेला आवाज आला, तुमची सावली कमी न होवो.

बाईने हेडफोन काढला तेव्हा गाळणी दारात उभा होता, हातात पाण्याची बाटली.

"हे तू गाळलंस?" ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "त्या पुतण्याने काय दिलं तुला? खणात काय आहे?"

गाळणी गोंधळला. त्याने खिशातून किल्ली काढली, खण उघडला. आत बिस्किटांचे पुडे होते. "काकांना साखर आहे. त्यांच्या घरून काकूंनी मला शपथ घातलीय, यांना गोड दिसू देऊ नकोस. पुतण्या म्हणता, त्याने शौचालय कुठे ते विचारलं होतं." मग त्याने पुढे येऊन ध्वनिमुद्रण ज्या जागी थांबलं होतं ती जागा पाहिली. "काय गाळलं मी?"

"तीनदा म्हणालाय तो. आणि ती मातीत गेल्याचं."

"तेच तेच परत आलं तर फुली. खाक आलं तर फुली," गाळणी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती, आणि बाईला तेच सोसवेना. "जान, साया, खाक, कुर्बान. तुम्हीच सांगितलं होतं, बाई. मी आजवर एकही चुकवलेली नाही."

बाई खुर्चीत तशीच बसून राहिली. सगळ्या जगावर संशय घेऊन झाला होता, सांभाळणारीवर, पुतण्यावर, या बिचाऱ्यावर, आणि ज्या एका माणसावर घ्यायला हवा होता तो तिच्या ध्यानीमनीही आला नव्हता. तिला रडू आलं. गाळणीने बिस्किटाचा पुडा पुढे केला, तिने नको म्हटलं, तरी त्याने तो टेबलावर तसाच ठेवला.

काकांना सांगितलं तेव्हा ते आधी हसले, मग हसायचे थांबले. "सही झालीय. शिक्का झालाय. शपथेवरचं भाषांतर परत घेतलं तर पुढे आपल्याकडे येणार कोण?"

"नाही घेतलं तर त्या बाईला घरात घेणार कोण?" बाई म्हणाली.

"तिच्याबद्दल आत्तापर्यंत तर तूच..."

"हो, मीच," बाई म्हणाली.

सुनावणीची खोली लहान होती. भिंतीवर घड्याळ, मधे लांब टेबल, टेबलावर मोहोर लावलेलं पाकीट, त्यात अंगठी. सांभाळणारी एका टोकाला बसली होती, दोन्ही हात मांडीवर, नखं अगदी बारीक कापलेली. तिने बाईकडे पाहिलं नाही. तिच्या लेखी ही हाउ काइंड ऑफ यू लिहिणारी बाई होती, आणि तिने का पाहावं?

बाई उभी राहिली. "माझं भाषांतर मला मागे घ्यायचंय," ती म्हणाली. "एका फारसी शब्दाला मी एक इंग्रजी शब्द शोधत होते. पण तो शब्द एकदा म्हटलेला नाही, तीनदा म्हटलाय, आणि तीनही वेळा त्याचं इंग्रजी वेगळं होतं. मी एकदाच वाचला, कारण उरलेला भाग आमच्याकडे गाळला गेला. गाळायचा नियम माझा आहे. उतरवणाऱ्याचा यात दोष नाही."

अधिकाऱ्याने चष्मा काढला. "म्हणजे त्याने काय म्हटलं?"

"पहिल्यांदा, हाउ काइंड ऑफ यू. दुसऱ्यांदा, नो, रियली." तिने टेबलावरच्या पाकिटाकडे बोट केलं. "तिसऱ्यांदा, टेक इट."

मग ध्वनिमुद्रण सगळ्यांसमोर लावलं. बाई एकेक वाक्य इंग्रजीत करत गेली. नखांचा आवाज आला, घड्याळाचा आला. जिची आहे ती मातीत गेली, हे वाक्य इंग्रजीत करताना बाई मधेच थांबली, पाणी प्यायली आणि मग पुरं केलं. पुतण्याने मान खाली घातली. मातीत गेलेली ती त्याची काकू होती. इतके दिवस तो हा आवाज पुन्हा पुन्हा ऐकत आला होता आणि त्यातला एक शब्द सोडला तर त्याला काहीच कळलेलं नव्हतं. "मला माहीत नव्हतं," तो म्हणाला, कुणालाच उद्देशून नाही. बाईने त्याच्याकडे रोखून पाहिलं, खरं बोलतोय का ते बघायला. खरंच बोलत होता.

अधिकाऱ्याने तक्रार काढून टाकली. पण उठण्याआधी त्याने बाईला विचारलं, "तुमची ती फुली. आजवर किती कामांत असेल?"

"सगळ्याच," बाई म्हणाली. "सगळी परत ऐकणार आहे. पगार मिळो न मिळो." दाराशी उभ्या काकांनी डोळे मिटून घेतले. गाळणीने मात्र मान हलवली, जणू हेही एक काम सांगितलं गेलं आणि ते त्याने लिहून घेतलं.

बाहेरच्या अरुंद बोळात बाकडं होतं. सांभाळणारी तिथे बसली होती, पाकीट फोडून अंगठी बोटात घालत होती. अंगठी सांध्यावर अडकत होती. बाई जवळून जाताना थांबली. माफी मागायची होती, आणि फारसीत माफीची इतकी वाक्यं तिला येत होती की त्यातलं एकही तोंडाशी येईना. ती सगळी फुलीतली होती. ती नुसती अंगठीकडे बघत राहिली. फिरोजा आकाशासारखा निळा, मधून बारीक काळी रेघ गेलेली.

"किती सुंदर अंगठी," तिच्या तोंडून गेलं. काचेच्या चिमणीनंतर त्या भाषेत कुठल्या वस्तूला तिने पहिल्यांदाच चांगलं म्हटलं होतं.

"पीशकेश," सांभाळणारी म्हणाली. झटक्यात, सवयीने.

"जिची आहे तिलाच लाभो," बाई म्हणाली. इथे हे संपायला हवं होतं. रीत इथे संपते.

सांभाळणारीने वर पाहिलं. तिचे डोळे सुजलेले होते. आत जे ध्वनिमुद्रण लावलं होतं त्यात तिने आपल्या म्हाताऱ्याचा आवाज किती दिवसांनी ऐकला होता कोण जाणे. तिने अंगठी सांध्यावरून मागे घेतली, बोटातून काढली, तळहातावर ठेवली आणि तळहात पुढे केला.

"पीशकेश," ती दुसऱ्यांदा म्हणाली, आणि या खेपेला तिचा आवाज खाली आला होता.

आयुष्यभर बाईने समोरच्याच्या शब्दावर संशय घेतला होता, आणि आता पहिल्यांदाच तिला भीती वाटली की समोरची बाई खरं बोलतेय. सांभाळणारीने तिसऱ्यांदा ओठ उघडले. ती काही म्हणायच्या आत बाईने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, तिची बोटं एकेक करून अंगठीवर मिटवली आणि ती मूठ बराच वेळ तशीच घट्ट धरून ठेवली.